शिमग्याआधी एक मासा

मला मासे आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. मी वर्ध्याचा. आमच्याकडे मासा म्हणजे पावसाळ्यात तळ्यावरून येणारी, काट्यांनी भरलेली एक कटकट. तरीही ओमानमधल्या सहा वर्षांतले निम्मे शुक्रवार मी बरक्याच्या पुढे, सवादीच्या किनाऱ्यावर, एका ओल्या खडकावर बसून घालवले. कारण एकच. माझ्याकडे गाडी होती आणि भिकाजी घाडींकडे नव्हती.

घाडीकाका आमच्या रुसैलच्या कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन. तिथे आम्ही प्लास्टिकचे पाइप बनवायचो. मी क्वालिटीत इंजिनिअर. काकांचं वय छप्पन्न, उंची बेताची, आणि डोक्यावर कंपनीची निळी टोपी, जी ते बहुधा आंघोळीपुरतीच काढत. मशीन बंद पडलं की मॅन्युअल उघडायच्या आधी ते त्यावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "हेका ताप इलो हा." बहुतेक वेळा बेअरिंग खरंच तापलेलं असायचं. आमचा अर्बाब, म्हणजे कारखान्याचा ओमानी मालक, महिन्यातून एकदा फेरी मारायचा, तेव्हा मॅनेजरला ओलांडून तो काकांनाच विचारायचा, सगळं ठीक आहे ना. मॅनेजरचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होई.

काका देवगड तालुक्यातले, पण मासेमारी करणारे कोळी किंवा गाबीत नव्हेत. घाडी म्हणजे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान असलेलं घराणं. मासे घरात यायचे ते विकतचे. गरी, म्हणजे आपला गळ, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली ती ओमानला आल्यावर, कंपनीच्या कॅम्पात शुक्रवारच्या सुट्टीचं काय करायचं ते न कळून. पंच्याण्णव साली धरलेली ही गरी त्यांनी सोडली नाही, आणि माशांनीही बावीस वर्षं तिला दाद दिली नाही.

अगदीच काही लागत नसे असं नाही. केंड लागायचा. केंड हा मासा पाण्याबाहेर काढला की रागाने पोट फुगवून चेंडूसारखा होतो, विषारी असतो, आणि त्याला मांजरसुद्धा तोंड लावत नाही. समुद्रात केंड किती आहेत मला ठाऊक नाही, पण जेवढे आहेत तेवढे सगळे काकांना ओळखत होते.

आमच्यातला तिसरा हुसैनमियाँ. श्रीवर्धनचा, कॅम्पच्या मेसमधला आचारी. पहाटे बिर्याणीचा मसाला परतून ठेवायचा, आमच्याबरोबर यायचा आणि जुम्म्याच्या नमाजाआधी परत. त्याला मात्र मासे लागायचे, आणि तो ते काकांच्या नजरेला पडू नयेत म्हणून लगेच गोणपाटाखाली ढकलायचा. इतका सभ्य माणूस मी आचाऱ्यांत दुसरा पाहिला नाही.

आता खोटेपणाकडे येतो. त्यात माझाही हात आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

२०१३ साली एका शुक्रवारी परत येताना हुसैनमियाँने बरक्याच्या मासळी बाजारात मेससाठी हातभर लांबीची सुरमई घेतली. काकांनी ती सहज दोन्ही हातांनी उचलली. मी सहज फोटो काढला. काकांनी तो सहज गावी पुतण्याला पाठवला. पुतण्याने काकूंना दाखवला, काकूंनी वाडीला, आणि रात्रीपर्यंत अख्ख्या गावात झालं की भिकाजी घाडी तिकडे सुरमया गरवतो. काकांना फोन आले. सरपंचांचा आला. काका पहिल्या फोनला म्हणाले, "अरे नाय, ता काय..." आणि थांबले. दुसऱ्या फोनला म्हणाले, "चार किलोची होती." पाचव्या फोनपर्यंत ती साडेसहा किलोची झाली होती आणि तिने काकांना दोनदा पाण्यात ओढलं होतं.

त्यानंतर हा रिवाजच पडला. सकाळी खडकावर केंड, परतताना बाजारात खल्फान नावाच्या विक्रेत्याकडून एक मोठा मासा, मग पुन्हा वाकडी वाट करून समुद्राशेजारी फोटो. फोटोग्राफर मी. मासा नंतर मेसला जायचा. खल्फानलाही सवय झाली. काका दिसले की तो आधी बोटांनी कॅमेरा धरल्याची खूण करायचा आणि मग भाव सांगायचा. मासा मेसला जाणार म्हणून तो बाजूच्या कापणाऱ्याकडून पोट साफ करूनच द्यायचा. फोटोत काका ती बाजू पोटाशी धरायचे. चार वर्षं हे सुरळीत चाललं, आणि मग प्रेमाकाकू ओमानला यायच्या ठरल्या.

बावीस वर्षांत त्या कधी आल्या नव्हत्या. आधी सासू अंथरुणावर, मग मुलांची शिक्षणं, मग मुलीचं बाळंतपण. आता सगळं उरकलं होतं. त्यातच माझी बायको स्नेहल पहिलटकरीण म्हणून वर्ध्याला माहेरी गेली होती, त्यामुळे माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधली एक रिकामी होती. मीच म्हटलं, काका, बोलवा काकूंना, माझ्याकडे राहा. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी फोनवर, मला न विचारता आणि स्वतःलाही न विचारता, काकूंना वचन देऊन टाकलं: "तू ये तर खरी. तुझ्या डोळ्यांसमोर मासो काढून तुका कालवण घालतंय."

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"इंजिनेर," ते म्हणाले, "ह्या मी काय बोललंय?"

काकू तीन फेब्रुवारीला येणार आणि आठ मार्चला परतणार. शिमग्याला पालखी घाड्यांच्या अंगणात येते, तिथे घरची बाई हवीच. त्यामुळे एक दिवससुद्धा वाढवून मिळणार नव्हता. म्हणजे हातात चार शुक्रवार. चार शुक्रवारांत भिकाजी घाडींना बायकोच्या देखत एक खरा मासा पकडायचा होता, नाहीतर चार वर्षांच्या सगळ्या सुरमया एका दमात परत समुद्रात जाणार होत्या.

आणि नेमका तो हिवाळा असा निघाला.

ओमानचा हिवाळा कोरडा असतो. दोन दिवस पाऊस पडतो, लोक त्याचे फोटो काढतात, झालं. थंडीही बेताची पण असते. २०१७च्या त्या हिवाळ्यात थंडी आलीच नाही आणि पाऊस मात्र गेलाच नाही. स्वेटर पेटीत आणि छत्री हातात, अशी तऱ्हा. आठवड्यातले पाच दिवस निळं आकाश, आणि गुरुवारी संध्याकाळी कुठून तरी ढग. वादी, म्हणजे इथल्या एरवी वर्षभर कोरड्या असणाऱ्या नद्या, लाल पाणी घेऊन समुद्राकडे धावायच्या आणि किनाऱ्याचं पाणी चहासारखं गढूळ करायच्या. वर उत्तरेचा वारा. अशा पाण्यात मासा किनाऱ्याला कशाला येईल? मी मासा असतो तर मीही आलो नसतो.

"शिमगो जवळ येवक व्हयो," काका रोज म्हणायचे. "वारो पडता, दर्यो शांत जाता, आणि मगे मासो किनाऱ्याक लागता." हुसैनमियाँचंही तेच मत. वसंत ऋतू आला की तारली किनाऱ्याला येते आणि तिच्यामागे मोठा मासा. वसंत, वसंत, वसंत. कारखान्यात दुपारच्या जेवणाला दोन म्हातारे वसंत ऋतूसाठी उसासे टाकताहेत, असं दृश्य मी आधी पाहिलं नव्हतं. ओमानात वसंत म्हणजे एसी बंद करणं आणि पुन्हा चालू करणं यांच्या मधले दहा दिवस. ते दहा दिवस या वर्षी जरा लवकर यावेत, एवढंच काकांचं मागणं होतं.

काकू आल्या. बारीक चणीच्या, चपळ, आणि डोळे असे की विमानतळावर त्यांनी मला पायांपासून केसांपर्यंत एकदा पाहिलं आणि माझं वजन कमी झालंय हे स्नेहलच्या आधी ओळखलं. त्यांच्या बॅगेतून तिरफळं निघाली, आमसुलं निघाली, घरची हळद, लाल मिरची, आणि कपड्यांत गुंडाळलेला एक चपटा दगडी पाटा, जो कस्टमवाल्यांनी तीनदा उलटापालटा करून पाहिला होता. कालवणाची सगळी तयारी देवगडहून आली होती. फक्त मासा ओमानचा यायचा होता.

त्या आल्या तो दिवस शुक्रवारच होता, म्हणून तो विमानतळात गेला. दहा तारखेचा पहिला. त्या दिवशी आम्ही खडकापर्यंत पोचलो खरे, पण पाऊस आडवा येत होता. काकूंना गाडीत बसवलं, आणि आम्ही तिघे लाटांसमोर उभे राहिलो. काकांनी टोपी काढली, आणि मला वाटलं आता हे आंघोळ करणार. पण त्यांनी हात जोडले आणि गावच्या देवळात घालावं तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा दर्या म्हाराजा! आज तुझ्या पायाकडे ही तीन लेकरां इली हत!"

"होय म्हाराजा!" हुसैनमियाँ ओरडला. बावीस वर्षांच्या सोबतीत त्याला कुठे काय म्हणायचं ते पाठ झालं होतं.

"ह्यो पाव्स मागे घे, ह्यो वारो वाईच आवर, आणि प्रेमा परत जावच्या आदी येक मासो, बारको असलो तरी चलात, पण केंड नको, ह्या गरीक लाव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी बौद्ध माणूस. समुद्राला महाराज म्हणणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पण काका माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मी "बरं" म्हणालो. समुद्राने एक लाट टाकून आम्हा तिघांनाही गुडघ्यापर्यंत भिजवलं. यात त्याचं उत्तर होतं की काय, यावर परतीच्या वाटेत बराच वाद झाला.

सतरा तारखेला तर बरक्याच्या पुढे जाताच आलं नाही. वादी रस्त्यावरून वाहत होती आणि पोलिसांची गाडी आडवी लावलेली. काकू म्हणाल्या, "मगे हयसर बाजार हा मां? तो तरी बघूया." काकांच्या डोळ्यांसमोर खल्फान आला असणार. पण नाही म्हणायला कारण सुचेना.

प्रेमाकाकू बाजारात शिरल्या आणि मला कळलं की आता आपण एका जाणकाराच्या मागून चाललो आहोत. तीस वर्षं देवगडच्या बंदरावर मासे घेतलेली बाई ती. एकेका माशाचा कल्ला अंगठ्याने उचलून आत बघायची, डोळ्यावर बोट दाबायची, नाकाशी न्यायची आणि खाली ठेवायची. एका ओमानी आजोबांना त्यांनी थेट मालवणीत विचारलं, "ह्यो मासो कधी मेलो? दसऱ्याक?" आजोबांना शब्द कळले नाहीत, पण अर्थ पोचला. त्यांनी मुकाट्याने तो मासा उचलून खालचा ताजा वर ठेवला.

आणि मग खल्फान दिसला.

"या भिकाजी!" तो लांबूनच ओरडला. बोटांनी कॅमेरा केला, ढिगातली सगळ्यांत मोठी सुरमई दोन्ही हातांवर घेतली आणि काकांच्या पुढ्यात आणून धरली. "फोटो? फोटो?"

काका दगड झाले. मी मासळीच्या टोपल्यांमध्ये अचानक फार रस घेऊ लागलो.

"ह्यो तुमका वळाखता?" काकूंनी विचारलं.

"नाय गे. दुसऱ्या कोणासारखो समजता माका."

"तुमचा नाव घेतल्यान त्येना."

"हंय सगळ्या इंडियनांका भिकाजीच म्हणतत," काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी, प्रफुल्ल मेश्राम, मान हलवली. आयुष्यात मी बऱ्याच नॉनकन्फॉर्मन्स रिपोर्टवर, म्हणजे माल नापास केल्याच्या कागदावर, सही केली आहे, पण इतकं उघड खोटं कधी पास केलं नव्हतं. काकू खल्फानची सुरमई तेवढी कल्ला उचलून तपासत राहिल्या आणि शेवटी "बरी हा" म्हणाल्या.

चोवीस तारीख उजाडली आणि आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. वारा पडलेला. रस्त्यातून समुद्र दिसला तो नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा. मी हॉर्न वाजवून काकांना म्हटलं, "काका, आज तुमचा दिवस!" काका मागच्या सीटवर रडवेले होऊन बसले होते. कपाळाला भस्म होतं आणि हातात बेलाची डबी. त्या दिवशी महाशिवरात्र होती.

कुणकेश्वराच्या पंचक्रोशीतला माणूस महाशिवरात्रीला गरी टाकणार नाही, मग तिकडे सुरमया रांगेत उभ्या का राहिनात. मी गाडी मस्कतच्या शिवमंदिराकडे वळवली. वाटेत समुद्रकाठाने जाताना काकांनी एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही. काकू मात्र बघत होत्या. "किती मासे उडतत ते बघा," त्या म्हणाल्या, आणि काकांनी डोळे मिटून पंचाक्षरीचा जप वाढवला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

राहिला एक शुक्रवार. तीन मार्च. बुधवारी पुन्हा ढग आले, गुरुवारी वारा. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत हुसैनमियाँ डबा बाजूला सारून म्हणाला, "भिकूभाय, बुरा मत मानना. खडक के उस बाजू मैं बैठूंगा. तुझी गरी माझ्या बाजूला टाक. मी तिला एक शेरी लावतो, दोन झटके देतो, तू खेच. भाभी खुश, तू खुश, शेरी को क्या फरक पडता है."

शेरी हा इथला सगळ्यांच्या आवडीचा मासा. काका म्हणाले, "नको. बायलेक फसवूचा नाय." जेवण झालं. हात धुताना म्हणाले, "तसा बघूक गेला तर चार वर्सां फसयतंच हंय." पाच वाजता शिफ्ट सुटताना ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वाईच मोठी बघूक सांग त्येका." मी अडवायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा असा झाला होता की मला माझ्या वडिलांची आठवण आली, आणि मी गप्प राहिलो. सकाळी गाडीही मीच चालवली.

वारा होता, पाऊस नव्हता. ढग इतके खाली की सकाळ आहे की संध्याकाळ ते कळू नये. काकू आणि मी खडकाच्या मागे सतरंजीवर बसलो, थर्मासमधला चहा घेत. काका वरच्या कडेला, तंगुसाचं, म्हणजे गरीच्या नायलॉन दोरीचं, रीळ हातात. हुसैनमियाँ खडकाच्या पलीकडच्या बाजूला, दिसेनासा. काकांनी गरी फेकली. अर्धा तास काही नाही. मग तंगूस एकदम ताणला.

"लागलो! लागलो!" काका ओरडले. मी इतका चांगला अभिनय कारखान्याच्या गणपतीतही पाहिला नव्हता. ते मागे रेलले, पुढे झुकले, "ओढता माका, ओढता!" म्हणाले, टोपी उडाली तरी वळून पाहिलं नाही. मला तर क्षणभर वाटलं खरंच लागला. काकू उठून उभ्या राहिल्या. आणि खडकाच्या कडेवरून एक ऐटदार, चंदेरी, अडीच किलोची शेरी झोकात वर आली आणि काकूंच्या पायाशी पडली.

ती अजिबात हलली नाही.

काकूंनी खाली वाकून तिला उचललं. सवयीने अंगठा कल्ल्याकडे गेला. कल्ला नव्हता, आत नुसती पोकळी. मग त्यांनी मासा उलटा केला. पोट गळ्यापासून शेपटीपर्यंत स्वच्छ फाडलेलं, धुतलेलं, आणि एका बाजूला बर्फाचा खडा चिकटलेला.

आधीच्या संध्याकाळी हुसैनमियाँने खल्फानला फक्त "भिकाजी का मासा" एवढंच सांगितलं होतं. आणि भिकाजीचा मासा म्हणजे साफ करून, ही चार वर्षांची ऑर्डर. नंतर आम्ही हुसैनमियाँला विचारलं, गरीला लावताना तुला दिसलं नाही का? तो बिचारा कपाळ बडवत म्हणाला, "अरे, वीस साल से मेसमें मासा ऐसाच आता है. मला तो पूर्णच वाटला!"

काकांनी खाली पडलेली टोपी उचलली आणि दोन्ही हातांत पिळत उभे राहिले, शाळेत पकडलेल्या मुलासारखे.

"गुणाचो मासो हा," काकू शेवटी म्हणाल्या. "आंघोळ करून, पोट साफ करून गरीक लागलो."

आणि त्या हसायला लागल्या. खाली बसून, मासा मांडीवर घेऊन, पदराने डोळे पुसत हसायला लागल्या. पलीकडून हुसैनमियाँचं डोकं वर आलं आणि परत खाली गेलं.

"प्रेमा," काका म्हणाले, "माका मासे गावणत नाय गे. कधीच गावाक नाय. ते फोटो..."

"म्हायत हा माका."

"कधीपासून?"

"पयल्या फोटोपासून. सुरमयच्या डोळ्यात पांढरा पडल्याला. दुसऱ्या फोटोत तांबोशेच्या शेपटेक बरफ. तिसऱ्याच्या टायमाक तर तुमी आतड्याची बाजू लपवन धरलास, ती पाठीकडच्या गाडयेच्या काचेत दिसत होती."

मी मनात त्या फोटोग्राफरला शिव्या घातल्या.

"मगे माका इचारलंस नाय कधी?" काकांचा आवाज लहान झाला होता.

काकूंनी मासा सतरंजीवर ठेवला आणि हात पुसले. आता त्या हसत नव्हत्या.

"अठरा वर्सां तुमचो फोन येय," त्या म्हणाल्या. "'बरी मां? बरी. पोरां बरी? बरी. ठेवतंय.' इतक्याच. मी फोनाकडे बघीत बसय, आणखी काय बोलतीत म्हणान. मगे ती सुरमय इली. त्या दिवशी तुमी माका अर्धो तास सांगलात. वारो कसो होतो, पाणी कसा होता, मासो कसो ओढी होतो. मी ऐकीत होतंय. मासो खोटो हा, ता माका म्हायत होता. पण बोलत होतात ते तुमी होतात मां? ता मी कित्या बंद पाडू?"

काकांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मला माझ्या बायकोची इतकी आठवण आली की मी उठून समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. मी तिला रोज फोन करायचो आणि रोज एकच विचारायचो, डॉक्टर काय म्हणाले.

"द्या ती गरी हकडे," काकूंनी पदर खोचला. "माका बघूया काय गावता."

त्यांनी आमिष लावलं, काकांनी शिकवायचा प्रयत्न केला, त्यांनी ऐकलं नाही. दहा मिनिटांत तंगूस ताणला. आम्ही चौघेही, होय, हुसैनमियाँसकट, कडेला जमलो. काकूंनी ओढून काढला, आणि खडकावर पडताच त्याने रागाने पोट फुगवायला सुरुवात केली.

"ह्यो खरो," काका मोठ्या अभिमानाने म्हणाले. "ह्योच माका गावता. बावीस वर्सां."

फोटो मीच काढला. दोघांच्या मधे फुगलेला केंड, मागे करडं आकाश. चार वर्षांत मी काढलेला तो पहिला खरा फोटो. केंड परत पाण्यात गेला. शेरी घरी आली, आणि तिरफळं घातलेलं ते कालवण मीही दोनदा वाढून घेतलं. काटे होते, पण बोललो नाही.

बुधवारी काकू गेल्या. पाटा माझ्याकडे ठेवून गेल्या, स्नेहलसाठी. विमानतळावरून परत येताना मी एसी लावला. त्या वर्षी पहिल्यांदाच लावावा लागला.

दहा तारखेच्या शुक्रवारी वसंत आला. दुसरा शब्द नाही त्याला. वारा मेलेला, पाणी निवळशंख, तारलीचे थवे अगदी खडकाला लागून चकाकत होते. काकांनी गरी टाकली आणि ते बसायला वळले, तोच रीळ हातातून निसटायला लागलं. त्यांनी घाबरून ओढलं. तीन किलोची शेरी, जिवंत, शेपटीने खडक बडवत वर आली. सगळा प्रकार दोन मिनिटांचा. काका तिच्याकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "इंजिनेर, ही मी काढलंय?" हुसैनमियाँने अल्लाची शपथ घेऊन सांगितलं की तो नुसता बसून होता.

मी फोटो काढला. फोटो गावी गेला. शिमग्याच्या गडबडीतही उत्तर एका मिनिटात आलं.

"कल्ले उघडून दाखवा."

काका खूश होऊन गुडघ्यावर बसले, अंगठ्याने कल्ला उचलला, आणि मी आतल्या लालभडक रंगाचा फोटो पाठवला. नंतर फोन वाजला. काकांनी तो कानाला लावला, तरी काकूंचा आवाज आम्हाला ऐकू आला. मागे ढोल वाजत होता.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "सुरवातीपासून."

काका खडकावर पाय सोडून नीट बसले. मासा दोन मिनिटांत आला होता. काका अर्धा तास बोलले.